‘एकट्याने’ केलं म्हणे! नझरबायेव यांच्यावरच्या त्या व्हायरल मेसेजचा समाचार

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेपण आला असणार. पांढऱ्या केसांचा, सुटाबुटातला, गालातल्या गालात हसणारा माणूस आणि खाली हाऽऽ लांबलचक मजकूर. आमच्याकडे सकाळी फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकला, संध्याकाळी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, रात्री शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि तिन्हीकडे खाली हात जोडलेले इमोजी. माणूस म्हणजे कझाकस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष नुरसुल्तान नझरबायेव. मजकुराचं सार असं की मेंढपाळाच्या या पोराने एकट्याने सोव्हिएत युनियनशी झुंज देऊन देश स्वतंत्र केला, एकट्याने अणुचाचण्यांचं मैदान बंद पाडलं, हातातले अणुबॉम्ब मोठ्या मनाने देऊन टाकले, ओसाड वाळवंटात एकट्याने राजधानी उभी केली, भिकारी देश एकट्याने श्रीमंत केला, म्हणून जनतेने ९७ टक्के मतं दिली, आणि सगळं हातात असताना स्वतःहून खुर्ची सोडून संन्यास घेतला, आज राजधानीला त्याचंच नाव आहे. शेवटी नेहमीचं, ‘असा नेता पुन्हा होणे नाही, पुढे पाठवा’.

आता मामांवर माझा राग नाहीये, मामा भला माणूस, त्यांना वाटलं आपली पोरगी शिकायला त्या देशात गेली होती तर आपल्याला कौतुक असणार. माझी भाची अल्माटीला एमबीबीएसला होती, त्यामुळे त्या देशाबद्दल घरात दोन-चार वर्षं रोजच काही ना काही कानावर यायचं आणि मीपण वाचत गेलो, तेवढीच माझी पात्रता. पण मेसेजमधला तो ‘एकट्याने’ हा शब्द मला काही केल्या पचला नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिला मुद्दा, मेंढपाळाचा पोरगा. हे बऱ्यापैकी खरं आहे. जन्म ६ जुलै १९४०, अल्माटीजवळच्या चेमोलगान गावात, डोंगराच्या पायथ्याशी, गुरंमेंढरं राखणारं साधं घर. विशीत तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला लागले, त्याआधी युक्रेनमध्ये त्याचं ट्रेनिंग झालं. तिथल्या ब्लास्ट फर्नेसपुढची उष्णता काय असते ते ज्यांनी भिलाई-राउरकेला बघितलंय त्यांना सांगायला नको, तर तो माणूस कष्टातून आला यात वादच नाही. (हाच कारखाना १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांनी घेतला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ४६ कामगार गेले, त्यानंतर तो मित्तल यांच्या हातून गेला. हे विषयाला सोडून आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याला भारताचं कनेक्शनच हवं होतं तर हे होतं.)

मेसेज भट्टीवरून थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर उडी मारतो. मधली तीस वर्षं कुठे गेली? ती गेली कम्युनिस्ट पार्टीत. १९६२ मध्ये पार्टीचे मेंबर, मग कारखान्याच्या पार्टी कमिटीचे सेक्रेटरी, मग कारागंडा प्रांताच्या कमिटीत, मग अख्ख्या कझाक रिपब्लिकच्या (म्हणजे सोव्हिएत युनियनच्या पंधरा घटक राज्यांतल्या एकाच्या) सेंट्रल कमिटीत, आणि १९८४ ला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कझाक रिपब्लिकचे पंतप्रधान. त्यांना वर आणणारे त्यांचे गुरू म्हणजे दिनमुखामेद कुनायेव, तिथले सर्वेसर्वा. १९८६ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांचा वारा फिरलेला दिसल्यावर शिष्याने पार्टीच्या अधिवेशनात गुरूच्या सख्ख्या भावावर, जो तिथल्या विज्ञान अकादमीचा प्रमुख होता, सगळ्यांसमोर तोफ डागली. याला मी वाईट म्हणत नाही, राजकारणात चालतं, पण हा माणूस सिस्टीमच्या बाहेरून दगड मारणारा नव्हता, सिस्टीमचा जिना पायरी पायरीने चढलेला होता.

आणि इथेच दुसरा मुद्दा येतो, ‘सोव्हिएत युनियनशी झुंज’. डिसेंबर १९८६ ला मॉस्कोने कुनायेव यांना काढलं आणि त्यांच्या जागी गेनादी कोल्बिन नावाचा रशियातला माणूस आणून बसवला, ज्याचा कझाकस्तानशी काडीचा संबंध नव्हता. १६ ते १८ डिसेंबर, कडाक्याच्या थंडीत, अल्माटीच्या चौकात कझाक तरुण पोरंपोरी उतरली, त्यांना फावड्यांनी, दांडक्यांनी, कुत्री सोडून झोडपलं. कैरात रिस्कुलबेकोव नावाच्या विद्यार्थ्याला आधी फाशी सुनावली, मग ती बदलून वीस वर्षांची कैद, आणि १९८८ मध्ये तो तुरुंगातच मेला. झुंज म्हणायची तर ती ही. त्या दिवशी नझरबायेव कुठे होते? सरकारच्या बाजूला, पंतप्रधान म्हणून. नंतर १६ डिसेंबर हाच स्वातंत्र्य दिन झाला, आणि ज्या पोरांना झोडपलं त्यांचं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा झालं ते मेसेजमध्ये दिसतंच आहे. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्याच.

बरं, १९९१ चं काय? मार्चमध्ये युनियन टिकवायची का यावर सार्वमत झालं तेव्हा कझाकस्तानात नव्वद टक्क्यांच्या वर ‘टिकवा’ म्हणून मतं पडली आणि नझरबायेव टिकवण्याच्याच बाजूचे होते. नवा युनियन करार झाला असता तर ते अख्ख्या युनियनचे पंतप्रधान होणार असं गोर्बाचेव आणि रशियाचे येल्त्सिन यांच्यात जुलैअखेरीस जवळपास ठरलंही होतं. ८ डिसेंबरला येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच या तिघांनी बेलारूसच्या जंगलातल्या सरकारी बंगल्यात युनियन मोडल्याचा कागद सही केला, नझरबायेव त्यात नव्हते. १२ तारखेला रशियाच्या संसदेने तो कागद मंजूर केला, बाकी सगळ्यांनी आधीच स्वातंत्र्य जाहीर केलेलं, राहिलं फक्त कझाकस्तान, ज्याने १६ ला जाहीर केलं. म्हणजे मधले चार दिवस सोव्हिएत युनियन म्हणजे एकटा कझाकस्तान! पंधरा जणांच्या रांगेत पंधरावा. ‘एकट्याने’ हा शब्द फक्त इथे फिट बसतो, घरातले सगळे निघून गेल्यावर शेवटी दिवा मालवून कुलूप लावणारा जसा एकटा असतो तसा.

त्यांनी असं का केलं हे समजण्यासारखं आहे हो. १९८९ च्या जनगणनेत त्या देशात कझाक होते ४० टक्क्यांच्या जरा खाली आणि रशियन ३८ च्या आसपास, वर जर्मन, युक्रेनियन, उझबेक, उइघुर, स्टॅलिनने हद्दपार करून आणून टाकलेले कोरियन आणि चेचेन. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात, जो धोरणांनी आणलेला दुष्काळ होता, दहा-पंधरा लाख माणसं मेलेली आणि कझाक आपल्याच देशात अल्पसंख्य झालेले. अशा ठिकाणी घाईघाईत झेंडे फडकवले असते तर काय झालं असतं ते ताजिकिस्तानात पाच वर्षांच्या यादवीने दाखवलं, काराबाखने दाखवलं, चेचन्याने दाखवलं. कझाकस्तानात तसं काही झालं नाही. रशियन भाषेला शाळेतून, ऑफिसातून हाकललं नाही, लाखो रशियन आणि जर्मन गेले पण ट्रेन पकडून गेले, रणगाड्यांपुढे पळून नाही. रशियाशी साडेसात हजार किलोमीटरची सरहद्द कागदावर पक्की करून घेतली, चीनशीही करून घेतली. माझ्या मते या माणसाचं सगळ्यात मोठं काम हे, आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

तिसरा मुद्दा, अणुचाचण्यांचं मैदान, यावर मला जरा जास्त बोलायचंय.

सेमिपालातिन्स्कजवळ साधारण अठरा हजार चौरस किलोमीटरचा पट्टा (आपला पुणे जिल्हा अधिक अजून थोडं, असं डोळ्यासमोर आणा) सोव्हिएत लष्कराने चाचण्यांसाठी घेतला होता. पहिला स्फोट २९ ऑगस्ट १९४९, शेवटचा ऑक्टोबर १९८९, एकूण ४५६. १९६३ पर्यंत त्यातले बरेच उघड्यावर, हवेत, आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना काय होतंय ते सांगितलंही जात नव्हतं. नंतर बोगद्यात आणि विहिरींत. फेब्रुवारी १९८९ मध्ये अशाच एका जमिनीखालच्या स्फोटातून किरणोत्सारी वायू बाहेर आला. तेव्हा ओल्झास सुलेमेनोव नावाचे कवी निवडणुकीला उभे होते आणि टीव्हीवर त्यांचं भाषण होतं, थेट प्रक्षेपण. ठरलेलं बाजूला ठेवून त्यांनी त्या गळतीबद्दलच बोलायला सुरुवात केली आणि लोकांना लेखक संघाच्या इमारतीपाशी जमायचं आवाहन केलं. लोक जमले. त्यातून ‘नेवाडा-सेमिपालातिन्स्क’ नावाची चळवळ निघाली, नावात अमेरिकेचं नेवाडासुद्धा, कारण तिथेही तेच चाललेलं. गावोगाव सह्या, मोर्चे, डॉक्टर, आया, खाणकामगार. त्या वर्षी ठरलेल्या बऱ्याच चाचण्या रद्द कराव्या लागल्या आणि ऑक्टोबरनंतर एकही झाली नाही.

नझरबायेव यांनी मैदान बंद करण्याच्या हुकमावर सही केली २९ ऑगस्ट १९९१ ला. म्हणजे शेवटच्या स्फोटानंतर पावणेदोन वर्षांनी, आणि मॉस्कोतलं गोर्बाचेवविरोधी बंड फसल्यावर आठवड्याभरात, जेव्हा मॉस्कोत नाही म्हणायला कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. सही महत्त्वाची होती, ती केली याचं श्रेय त्यांचं, आज २९ ऑगस्ट हा अणुचाचणीविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस आहे तो त्यामुळेच. पण ‘एकट्याने’? आणि त्या कवीचं पुढे काय झालं सांगू? सुलेमेनोव यांनी पक्ष काढला, लोक त्यांच्याकडे पर्याय म्हणून बघायला लागले, आणि १९९५ मध्ये त्यांची नेमणूक झाली राजदूत म्हणून, रोमला. आपल्याकडे नको असलेल्या नेत्याला राज्यपाल करून पाठवतात ना, तसंच.

अणुबॉम्बचं तर मेसेजने भारीच केलंय, ‘हातात असलेले’. कझाकस्तानच्या भूमीवर सुमारे १,४०० अण्वस्त्रं होती हे खरं, १०४ एसएस-१८ क्षेपणास्त्रं, शिवाय बॉम्बर विमानं, आकड्याने बघितलं तर जगात चौथा नंबर. पण कोड मॉस्कोकडे, बटण मॉस्कोकडे, राखणारे सैनिक मॉस्कोचे. शेजाऱ्याने त्याची तिजोरी तुमच्या गोठ्यात ठेवली आणि किल्ली त्याच्याच खिशात, तर तुम्ही श्रीमंत झालात का? पण तिजोरीवर बसून राहायचं, सौदा करायचा, किल्ली बनवून घ्यायची खटपट करायची, हे पर्याय होते आणि ते त्यांनी घेतले नाहीत, १९९२ मध्ये अण्वस्त्रं सोडून द्यायच्या लिस्बन करारावर सही केली, एप्रिल १९९५ पर्यंत शेवटचं अण्वस्त्र रशियाला गेलं. हे शहाणपणाचं होतं, आणि फुकटही नव्हतं, अमेरिकेचे पैसे आले, सुरक्षेची हमी आली, चेव्हरॉनसारख्या अमेरिकन तेलकंपन्यांना देशात यायचा धीर आला. १९९४ च्या शेवटी उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यातून सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम अमेरिकेने गुपचूप विमानात भरून नेलं, त्याचेही पैसे मिळाले. व्यवहारी माणसाचा चांगला व्यवहार, एवढं म्हणा की, बुद्ध कशाला करताय.

राजधानी. ‘ओसाड वाळवंटात’ हे वाचून भाची खोखो हसली. ते वाळवंट नाही, गवताळ माळ आहे, गव्हाचा पट्टा, आणि हिवाळ्यात उणे ४० च्या आसपास जातं तिथलं वारं. आणि ओसाड तर मुळीच नाही. १८३० मध्ये रशियन साम्राज्याने तिथे किल्ला बांधला, अकमोलिन्स्क. स्टॅलिनच्या काळात जवळच ‘देशद्रोह्यांच्या बायकांसाठी’ छावणी होती, नवऱ्याला गोळी घातली म्हणून बायकोला तिथे डांबायचे, हजारो बायका तिथून गेल्या. ख्रुश्चेव यांनी पडीक जमीन नांगरायची मोहीम काढली तेव्हा त्या शहराचं नाव केलं त्सेलिनोग्राद, म्हणजे पडीक जमिनीचं शहर, आणि १९९० च्या सुमाराला तिथे पावणेतीन-तीन लाख लोक राहत होते. १९९२ ला नाव झालं अकमोला, ज्याचा अर्थ लोक ‘पांढरी कबर’ असा लावून थट्टा करायचे. १९९४ मध्ये संसदेने राजधानी हलवायचा ठराव केला, १९९७ च्या डिसेंबरमध्ये ती हलली, १९९८ मध्ये नाव अस्ताना, ज्याचा अर्थ नुसता राजधानी.

हलवायची कारणं चांगली होती. जुनी राजधानी अल्माटी पार कोपऱ्यात, भूकंपाच्या पट्ट्यात, चीनच्या सरहद्दीच्या बाजूला, आणि उत्तरेत रशियन वस्ती जास्त, रशियातले काही लोक उघडपणे तो भाग आमचाच म्हणत होते. तिथे जाऊन बसणं ही चाल जबरदस्त होती, मी मनापासून मानतो. पण शहराचा आराखडा जपानच्या किशो कुरोकावा यांचा, तो पिरॅमिड आणि तो तंबूच्या आकाराचा मॉल नॉर्मन फॉस्टर यांच्या फर्मचे, पैसा तेलाचा, घाम मजुरांचा. नझरबायेव यांचा स्वतःचा म्हणावा असा एक ठसा तिथे खरंच आहे. बायतेरेक नावाच्या मनोऱ्यात, ९७ मीटर उंचीवर, त्यांच्या पंजाचा सोन्यातला छाप बसवलाय, टूरिस्ट त्यात हात ठेवून फोटो काढतात. आणि राजधानीचा वाढदिवस कधी साजरा करतात? ६ जुलैला, वर जन्मतारीख दिलीये ती बघा. तो तंबूवाला मॉलपण २०१० ला त्यांच्या सत्तरीच्याच मुहूर्तावर उघडला.

श्रीमंतीबद्दल पटकन सांगतो. तेन्गीझचं तेलक्षेत्र १९७९ ला सापडलं, सोव्हिएत काळात. चेव्हरॉनशी बोलणी मॉस्कोने सुरू केली होती, करार नझरबायेव यांनी १९९३ मध्ये पक्का केला. नव्वदच्या दशकात पगार थकलेले, पेन्शन थकलेलं, महागाई हजार टक्क्यांच्या वर, लोक घरातलं सामान रस्त्यावर मांडून विकत होते, मग २००० नंतर जगात तेल महागलं आणि देशाचे दिवस पालटले. काही गोष्टी त्यांनी नीट केल्या, तेलाच्या पैशाचा राष्ट्रीय निधी काढला, ‘बोलाशाक’ नावाची स्कॉलरशिप १९९३ मध्येच, हलाखी असताना, सुरू केली आणि हजारो पोरं परदेशात शिकून आली. पण श्रीमंत नेमकं कोण झालं? मुलगी आणि जावई अब्जाधीशांच्या यादीत, थोरली मुलगी २०१९-२० मध्ये सिनेटची अध्यक्ष, पुतण्या धंद्यात. हे मी विरोधक म्हणून बोलत नाही, त्यांनीच नेमलेले वारसदार तोकायेव जानेवारी २०२२ मध्ये संसदेत म्हणाले की पहिल्या राष्ट्राध्यक्षांमुळे देशात प्रचंड नफ्याच्या कंपन्यांचा एक गट आणि आंतरराष्ट्रीय मापानेही श्रीमंत असा एक थर तयार झाला. कृपेने झाला म्हणे! असा सभ्य टोमणा मी दुसरा ऐकला नाही.

याच तेलाच्या गावात, झानाओझेनला, २०११ मध्ये पगारासाठी कामगार महिनोन्‌महिने संपावर बसले होते. १६ डिसेंबर, स्वातंत्र्याचा विसावा वाढदिवस, पोलिसांनी गोळ्या घातल्या, सरकारी हिशोबानेसुद्धा डझनाच्या वर माणसं मेली. हे गाव लक्षात ठेवा, पुढे परत येतंय.

आता ९७ टक्के. आकडा बरोबर आहे, २०१५ चा. त्याआधीचे बघा: १९९१ मध्ये ९८.७ (समोर उमेदवारच नव्हता), १९९५ मध्ये निवडणूक टाळून मुदतवाढीचं सार्वमत घेतलं त्यात ९५, २००५ मध्ये ९१, २०११ मध्ये ९५.५. फक्त १९९९ मध्ये ८० च्या आसपास उतरले, आणि तेव्हा खरा प्रतिस्पर्धी, माजी पंतप्रधान काझेगेल्दिन, एका नोंदणी नसलेल्या संघटनेच्या बैठकीला गेला म्हणून बाद केला होता. २०११ च्या निवडणुकीत तर विरोधात उभे असलेले मेल्स येलेउसिझोव मत देऊन बाहेर आले आणि सांगितलं की मी नझरबायेव यांनाच मत दिलं! आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या निवडणुकीतसुद्धा एवढा समजूतदारपणा नसतो. २००७ मध्ये घटनेत दुरुस्ती करून टाकली की मुदतीची मर्यादा ‘पहिल्या राष्ट्राध्यक्षाला’ लागू नाही, बाकी सगळ्यांना लागू. त्याच वर्षी संसदेच्या थेट निवडलेल्या ९८ पैकी ९८ जागा त्यांच्या पक्षाला. २०१० मध्ये ‘एल्बासी’, म्हणजे राष्ट्रनेता, ही पदवी आणि आयुष्यभर खटल्यापासून संरक्षण.

आणि विरोधकांचं काय झालं? झामानबेक नुरकादिलोव, अल्माटीचे माजी महापौर, विरोधात गेले, नोव्हेंबर २००५ ला घरात मृत सापडले, छातीत दोन गोळ्या आणि डोक्यात एक, पोलिसांचा निष्कर्ष आत्महत्या. तीन महिन्यांनी विरोधी नेते अल्तिनबेक सार्सेनबायेव यांचा ड्रायव्हर आणि बॉडीगार्डसकट खून, शिक्षा झालेल्यांत सरकारी सुरक्षा खात्याची माणसं निघाली. नझरबायेव यांनी हुकूम दिला असं म्हणायला माझ्याकडे काही नाही आणि मी म्हणणारही नाही. पण अशा हवेत पडलेल्या ९७ टक्क्यांना प्रेम म्हणायचं? वाईट याचं वाटतं की साधी सरळ निवडणूक घेतली असती तरी ते बहुतेक जिंकलेच असते.

आणि शेवटी तो संन्यास. मामा, इथे मात्र तुम्ही नीट वाचा.

१९ मार्च २०१९ ला त्यांनी टीव्हीवर राजीनामा सही केला हे खरं. पण काय काय सोडलं नाही ते बघा. देशाच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद, तहहयात. सत्ताधारी पक्षाचं अध्यक्षपद. एल्बासी पदवी. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये फर्मान निघालं की नव्या राष्ट्राध्यक्षाने बरेचसे मंत्री आणि मोठे अधिकारी नेमताना यांची संमती घ्यायची. सासूबाई म्हणतात ना ‘आता घर तुझं, मी देवाचं नाव घेत बसते’, आणि फडताळाच्या किल्ल्या कमरेलाच, तसा प्रकार. तोकायेव यांनी दुसऱ्या दिवशी शपथ घेतली आणि पहिलं काम काय, तर राजधानीला नुर-सुल्तान नाव द्यायचा प्रस्ताव. तीन दिवसांत नाव बदललं, लोकांना विचारायचा प्रश्नच नाही. महिन्याभराने अल्माटीच्या मॅरेथॉनमध्ये दोन तरुणांनी ‘सत्यापासून पळता येणार नाही’ अशा अर्थाचा एक बॅनर धरला, तर पंधरा दिवस आत.

मग जानेवारी २०२२. वर्षाच्या पहिल्याच दिवशी गाड्यांच्या गॅसचा भाव लिटरला ६० वरून १२० तेंगे (तिथलं चलन) झाला, आणि पहिला मोर्चा निघाला कुठे? झानाओझेनला. दोन-तीन दिवसांत आख्खा देश पेटला, आणि गॅसच्या भावाची घोषणा बाजूला राहून नवी आली, ‘शाल, केत!’, म्हणजे म्हाताऱ्या, चालता हो. राष्ट्राध्यक्ष तोकायेव असताना लोक ‘म्हाताऱ्या’ कुणाला म्हणत होते? संन्याशाला कुणी चालता हो म्हणतं का? तालदिकोर्गानमध्ये त्यांचा पुतळा दोर लावून पाडला. ५ जानेवारीला तोकायेव यांनी सुरक्षा परिषद स्वतःकडे घेतली, रशियाच्या पुढाकाराने फौजा आल्या, बघताक्षणी न बजावता गोळी घालायचे हुकूम निघाले. सरकारी आकडा २३८ मृत.

मामा, तुम्हाला ते दिवस आठवत नाहीत? अल्माटीचं इंटरनेट बंद, फोन लागत नव्हता, ताई सोफ्यावर मोबाईल हातात धरून बसलेली आणि तुम्ही दर तासाला मला विचारत होतात, ‘लागला का, लागला का’. चार दिवसांनी पोरीचा आवाज ऐकला, ती म्हणाली हॉस्टेलच्या खिडक्यांना गाद्या लावून बसलो होतो. तेच हे मामा, तोच हा माणूस, तुम्ही ज्याच्याखाली हात जोडलेत.

एवढं होईस्तोवर नझरबायेव कुठे होते कुणाला पत्ता नव्हता. १८ जानेवारीला व्हिडिओ आला, मी पेन्शनर आहे, कुठे गेलेलो नाही, राजधानीतच विश्रांती घेतोय. त्यानंतर एकेक किल्ली निघाली. गुप्तचर खात्याचे प्रमुख आणि त्यांचे खास करीम मासिमोव यांना देशद्रोहाखाली पकडलं, पुढे १८ वर्षांची शिक्षा. पुतण्या कैरात सातिबाल्दी तुरुंगात गेला. जून २०२२ च्या सार्वमताने घटनेतून एल्बासी शब्दच गेला, २०२३ च्या सुरुवातीला पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे खास हक्क देणारा कायदाही गेला. स्वतःहून सोडलेलं होतं तर हे सगळं ओढून काढायची वेळ का आली?

आणि ‘आज राजधानीला त्याचंच नाव आहे’ हेही शिळं. सप्टेंबर २०२२ मध्ये ते शहर परत अस्ताना झालं. नाव साडेतीन वर्षं टिकलं.

एअरपोर्टला मात्र अजून त्यांचं नाव आहे. आत्ता भारतीयांना तिकडे १४ दिवस व्हिसा लागत नाही म्हणून सगळ्यांच्या स्टेटसला बर्फातले फोटो असतात, तर कधी अस्तानाचं तिकीट काढलंत तर त्यावरचा तीन अक्षरी कोड बघा, एन-क्यू-झेड, यातला एन नुरसुल्तानचा, २०२० मध्ये बदलून घेतलाय. त्याआधीचा कोड होता टी-एस-ई. तो त्सेलिनोग्रादचा. म्हणजे त्या ‘ओसाड वाळवंटात’ एकट्याने राजधानी उभी करणारे नझरबायेव तिथे विमानातून उतरायचे तेव्हा बॅगेच्या टॅगवर, १९९२ मध्ये नाव पुसलं गेलेल्या त्या जुन्या शहराची तीन अक्षरं असायची, वीस-पंचवीस वर्षं.